कोडमधून मेल पाठवताना बीसीसीची यादी नेमकी कुठे द्यायची?

बखरकार | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईही आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय आहे, सभासद ३१०. दर महिन्याला नव्या पुस्तकांची यादी मेलने जाते. आधी हे काम एक ताई हाताने करायच्या. त्या लेकीकडे राहायला गेल्या आणि काम माझ्याकडे आलं. मी पायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. 'टू'मध्ये वाचनालयाचाच पत्ता, सभासदांचे पत्ते स्वल्पविराम देऊन 'बीसीसी' हेडरमध्ये (मेलच्या माथ्यावरची ओळ), आणि पाठवायला एसएमटीपीलिब या मेल पाठवायच्या लायब्ररीतलं सेंडमेल हे फंक्शन.

पहिल्या वेळी मेल फक्त वाचनालयाच्या पत्त्यावर आला, सभासदांपैकी एकालाही नाही. मग कुठेतरी वाचून सेंडमेलला जी पत्त्यांची यादी द्यावी लागते तिच्यात सगळे ३१० पत्ते घातले. सगळ्यांना मेल मिळाला. काम झालं असं समजून मी निवांत.

काल एका सभासदांचा फोन आला. त्यांनी त्यांच्या मेलचा मूळ संदेश उघडून पाहिला, तर बीसीसीची ओळ आत जशीच्या तशी, सगळ्यांच्या पत्त्यांसकट. आवाज न चढवता त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे माझा पत्ता आता ३०९ जणांकडे आहे ना?" मला उत्तर देता आलं नाही. लोकांनी पुस्तकं वाचायला म्हणून विश्वासाने पत्ते दिले होते.

बीसीसी म्हणजे लपवलेली प्रत. मग ती लपली का नाही? आणि पहिल्या वेळी पोचली का नाही? पुढच्या रविवारी पुढची यादी जायची आहे.

---

निवडुंग | सोमवार, रात्री १०:५२

हेडरमधून बीसीसीची ओळ काढा. सेंडमेलला दिलेली यादी तशीच ठेवा. बाकी काही बदलू नका.

---

पोस्टाची_पेटी | सोमवार, रात्री ११:३५

निवडुंग यांचं उत्तर बरोबर आहे. पण कारण समजलं नाही तर पुढच्या वेळी दुसऱ्या भाषेत हीच चूक होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

पत्र वेगळं आणि पाकीट वेगळं. पोस्टमन पाकिटावरचा पत्ता बघतो, आतलं पत्र उघडत नाही. आत 'ति. आबांस' लिहिलं आणि पाकिटावर मामांचा पत्ता घातला, तर पत्र मामांकडे जाणार.

मेलचंही अगदी तसंच. तुमचा प्रोग्राम सर्व्हरशी बोलतो तेव्हा आधी 'मेल फ्रॉम' म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता देतो. मग ज्याला ज्याला मेल जायचा त्या प्रत्येकासाठी 'आरसीपीटी टू' अशी एकेक ओळ. हे झालं पाकीट. त्यानंतर 'डेटा' म्हणून संपूर्ण पत्र देतो आणि शेवटी एकट्या टिंबाची ओळ टाकतो. टू, सीसी, विषय, तारीख ही हेडरं पत्राच्या आतली. सर्व्हर मेल कुणाकडे न्यायचा हे ठरवताना ती बघत नाही.

ही विभागणी जुनी आहे. १९८२ साली वाहतुकीचे नियम आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) ८२१ मध्ये आणि पत्राच्या मांडणीचे ८२२ मध्ये, असे दोन वेगळे दस्तऐवज निघाले. आज वापरात असलेले ५३२१ आणि ५३२२ हे २००८ चे, तेही दोन वेगळेच.

आता तुमचे दोन्ही प्रश्न. पहिल्या वेळी पाकिटावर एकच पत्ता होता, म्हणून मेल एकालाच गेला. दुसऱ्या वेळी पाकिटावर सगळे पत्ते आले आणि मेल पोचला, पण पत्राच्या आत तुम्ही स्वतः लिहिलेली यादी तशीच राहिली. सेंडमेल पत्राला हात लावत नाही, दिलेला मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलतो.

पायथॉन ३.२ पासून त्याच लायब्ररीत सेंड_मेसेज आहे. ते टू, सीसी, बीसीसी वाचून पाकीट स्वतः तयार करतं आणि पत्र पाठवताना बीसीसीची ओळ गाळतं. नवीन कोड लिहायचा असेल तर तेच वापरा.

---

सदाफुली | मंगळवार, सकाळी ८:०५

पोस्टाची पेटी, आभार! इतक्या वर्षांत हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. वाचनखुणांत साठवलं.

---

लाल_डबा | मंगळवार, सकाळी ९:२०

मला हे पूर्ण पटलेलं नाही. मी पीएचपी भाषेत मेल() या फंक्शनला 'बीसीसी' हेडर देतो आणि ते नीट चालतं. मेल पोचतो आणि मूळ संदेशात बीसीसी दिसत नाही. मग सर्व्हर हेडर बघत नाही असं कसं म्हणता?

---

पोस्टाची_पेटी | मंगळवार, सकाळी १०:१०

लाल डबा, तुमचा अनुभव खरा आहे, फक्त ते काम मधलाच कुणीतरी करतो आहे. लिनक्सवर पीएचपी थेट एसएमटीपी (सर्व्हरला मेल देण्याची ठरलेली भाषा) बोलत नाही. ती सेंडमेल नावाच्या प्रोग्रामला 'टी' हा पर्याय लावून पत्र देते. (नाव तेच असलं तरी हा पायथॉनमधल्या फंक्शनपेक्षा वेगळा प्रोग्राम आहे.) 'टी' म्हणजे पत्र वाच, त्यातले टू, सीसी, बीसीसी बघून पाकीट तू लिही, आणि बीसीसीची ओळ काढून टाक. विंडोजवर पीएचपी स्वतः एसएमटीपी बोलते, तिथे ही काटछाट तिला स्वतःला करावी लागते.

पाकीट कुणीतरी लिहितंच. फक्त ते कोण लिहितं हे आपल्याला माहीत हवं.

---

कर्दळ | मंगळवार, सकाळी ११:००

मी सर्व्हर सांभाळते, म्हणून थोडी भर घालते.

बखरकार, तुमच्या होस्टिंगवाल्यांकडे एक्झिम हा मेल सर्व्हर असण्याची शक्यता बरीच आहे. एसएमटीपीने आलेल्या पत्रातली बीसीसी ओळ एक्झिम काढत नाही, ती फक्त 'टी' पर्यायात काढतो. पोस्टफिक्स हा दुसरा मेल सर्व्हर मात्र ही ओळ मुळातच गाळतो. त्यात ३.० पासून 'मेसेज ड्रॉप हेडर्स' नावाची सेटिंग आहे आणि तिच्या मूळ यादीतच बीसीसी आहे.

याचा परिणाम असा की एकच कोड एका सर्व्हरवर सुरक्षित आणि दुसऱ्यावर उघडा. एखादा प्रोग्रामर पोस्टफिक्सवर चाचणी घेतो, सगळं ठीक दिसतं. दोन वर्षांनी कंपनी होस्टिंग बदलते, कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नसतं, आणि पत्ते फुटतात. सर्व्हर काढेल या भरवशावर राहू नका. ओळ तुमच्या कोडमधून बाहेरच पडता कामा नये.

आणखी एक. डीकेआयएमची (मेल खरंच त्या डोमेनकडून आला हे दाखवणारी) सही करताना बीसीसी हेडर सहीत घेतलं आणि पुढे कुणी ते गाळलं, तर सही मोडते. २००७ च्या आरएफसी ४८७१ मध्येच बीसीसीवर सही करू नये असं म्हटलेलं आहे.

---

निवृत्त_टंकलेखक | मंगळवार, दुपारी १:३०

मला कोड येत नाही, नातवाने धागा दाखवला म्हणून लिहितो. मी ३१ वर्षं सरकारी कचेरीत टंकलेखन केलं.

सीसी म्हणजे कार्बन कॉपी हे तुम्हा सर्वांना माहीत आहे. पण 'बी' कसा करत ते सांगतो. टाइपरायटरमध्ये कागद, कार्बन, कागद, कार्बन अशी चळत चढवायची. पत्र संपलं की खाली 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' आणि नावं. ही नावं सगळ्या प्रतींवर उठत. मात्र एखाद्या साहेबांना गुपचूप प्रत द्यायची असेल तर चळत बाहेर काढायची, मूळ पत्र बाजूला ठेवायचं आणि त्यांचं नाव फक्त स्थळप्रतीवर (कचेरीच्या दप्तरी राहणारी प्रत) आणि त्यांच्या प्रतीवर टाइप करायचं. मूळ पत्र ज्याच्या हातात पडे त्याला पत्ता लागत नसे.

म्हणजे लपवणं हे टंकलेखकाचं काम होतं. कागद आपोआप काही लपवत नसे. चळत काढायची विसरली तर नाव सगळ्या प्रतींवर उमटायचं. एकदा माझ्या शेजारच्या टेबलावर तसं झालं होतं आणि पूर्ण पत्र नव्याने टाइप करावं लागलं होतं.

---

बखरकार | मंगळवार, दुपारी २:०५

काका, अगदी हेच झालं माझ्याकडून. चळत बाहेर काढायची राहिली.

---

अनुस्वार | मंगळवार, दुपारी ३:१५

काकांनी सांगितलेली पद्धत आजच्या आरएफसी ५३२२ मध्येही आहे! बीसीसी हाताळायचे तीन मार्ग त्यात दिलेत. पहिला, ओळ सगळ्यांच्याच प्रतीतून काढायची. दुसरा, टू आणि सीसीवाल्यांना ओळ नसलेली प्रत आणि बीसीसीवाल्यांना त्यांचं नाव असलेली वेगळी प्रत. हीच काकांची स्थळप्रत. तिसरा, ओळ ठेवायची पण रिकामी, म्हणजे आणखी कुणाला तरी प्रत गेली आहे एवढंच कळतं, कुणाला ते कळत नाही.

बहुतेक लायब्रऱ्या पहिला मार्ग घेतात. गो भाषेच्या नेट/एसएमटीपीच्या माहितीत तर सरळ सांगितलंय की बीसीसी करायचं असेल तर पत्ता 'टू'च्या पॅरामीटरमध्ये द्या, संदेशाच्या हेडरमध्ये लिहू नका. जॅंगोत (पायथॉनमधून वेबसाइट बनवायचं साधन) ईमेलमेसेजला बीसीसी वेगळा द्यायचा, तो पाकिटावर जातो, पत्रात उमटत नाही. जावामेलमध्ये (जावा भाषेची मेल लायब्ररी) बीसीसी प्रकारचा प्राप्तकर्ता घातला की पाठवताना ती ओळ वगळली जाते. पण तिथे ट्रान्सपोर्टच्या सेंडमेसेजला पत्त्यांची यादी हाताने दिलीत तर मेल फक्त त्याच यादीला जातो. तिथे गेटऑलरिसिपियंट्स (सगळ्या प्राप्तकर्त्यांची यादी) द्यायला विसरलात की बीसीसीवाले उपाशी.

---

उंबरठा | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

गंभीर चर्चेत एक उखाणा चालेल का?

सेंडमेलच्या पाकिटावर पत्ते लिहिले बारीक,
हेडरमध्ये नाव लिहिलं तर होईल मोठी तारीख!

---

सदाफुली | मंगळवार, संध्याकाळी ६:५५

😄 तारीख कोर्टाची! आवडला.

---

टेम्सकाठ | मंगळवार, रात्री ९:३० (भारतीय वेळ)

कोर्टाच्या तारखेवरून आठवलं. मी इंग्लंडमध्ये माहिती संरक्षणाच्या क्षेत्रात काम करते. इथे हे विषय फार गांभीर्याने घेतले जातात, आणि घ्यायलाच हवेत.

२०१५ च्या सप्टेंबरात लंडनच्या ५६ डीन स्ट्रीट या लैंगिक आरोग्य क्लिनिकने एक वार्तापत्र पाठवलं. पत्ते बीसीसीऐवजी टूमध्ये गेले. ७८१ जण, त्यातल्या ७३० पत्त्यांत माणसाचं पूर्ण नाव. वार्तापत्र प्रामुख्याने एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी होतं. त्या क्षणी त्या माणसांना काय वाटलं असेल याचा विचार करा. २०१६ मध्ये त्या रुग्णालय संस्थेला १,८०,००० पौंड दंड झाला.

२०२१ मध्ये, तालिबानने काबूल घेतल्यावर, ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने देश सोडण्यास पात्र ठरलेल्या अफगाणांना मेल पाठवला. २४५ पत्ते टूमध्ये, सगळ्यांना दिसतील असे. काही पत्त्यांना चेहऱ्याचे फोटोही जोडलेले होते. माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने २०२३ च्या डिसेंबरात ३,५०,००० पौंड दंड ठोठावला.

दोन्हीकडे पत्ते हाताने चुकीच्या रकान्यात पडले, कोडचा दोष नव्हता. पण म्हणूनच सांगते. माणूस चुकतो हे धरूनच व्यवस्था उभी करायची असते. आयुक्तांच्या कार्यालयाचाही सल्ला तोच आहे, की संवेदनशील माहिती असेल तर बीसीसीवर विसंबू नका, प्रत्येकाला वेगळा मेल जाईल अशी सोय वापरा. बखरकार, तुम्हीही ३१० वेगळे मेल पाठवा.

---

लाल_डबा | मंगळवार, रात्री १०:००

वाचनालयाच्या पुस्तकयादीसाठी ३१० वेगळे मेल? स्वस्त होस्टिंगवर तासाला किती मेल पाठवायचे याची मर्यादा असते. एकच मेल बीसीसीने पाठवला तर एका दमात जातो.

---

कर्दळ | मंगळवार, रात्री १०:२५

एका दमात जात नाही, लाल डबा. आरएफसी ५३२१ म्हणतो की सर्व्हरने एका मेलला किमान १०० प्राप्तकर्ते तरी घेतले पाहिजेत. त्यापुढचे नाकारायची त्याला मुभा आहे. ॲमेझॉनच्या एसईएस या मेल पाठवायच्या सेवेत टू, सीसी, बीसीसी मिळून एका मेलला ५०. म्हणजे तुकडे करावेच लागणार. शिवाय तासाची मर्यादा बहुतेक ठिकाणी प्राप्तकर्त्यांवर मोजतात, मेलवर नाही. बीसीसीने तिथे काही वाचत नाही.

आणि काही पत्ते नाकारले गेले तर? पायथॉनचं सेंडमेल निदान नाकारलेल्या पत्त्यांची डिक्शनरी परत देतं, पण ती बघायची सवय किती जणांना आहे? एकही पत्ता स्वीकारला गेला नाही तरच ते एक्सेप्शन फेकतं, म्हणजे चूक दाखवून थांबतं. ३१० पैकी ४० नाकारले तर स्क्रिप्ट आनंदाने संपते.

---

निवडुंग | मंगळवार, रात्री ११:१०

वेगळे मेल पाठवण्याच्या बाजूने मीही आहे, पण त्यातही एक खड्डा आहे. मी स्वतः त्यात पडलो होतो.

माझ्या आधीच्या नोकरीत पीएचपीमेलर या लायब्ररीने ग्राहकांना पावत्या जायच्या. लूपच्या बाहेर एकच मेलर तयार केलेला, आत ॲडॲड्रेस आणि सेंड. आधीचे पत्ते पुसणारं क्लिअरॲड्रेसेस कुणी लिहिलंच नाही. पहिल्या ग्राहकाला एक पत्ता दिसला, दुसऱ्याला दोन, शंभराव्याला शंभर. आणि पहिल्या ग्राहकाला शंभर जणांच्या पावत्या. मी फोन घेत बसलो होतो, एकेक ग्राहक विचारत होता की दुसऱ्याचं बिल मला का आलं. ते चार तास अजून आठवतात.

पायथॉनमध्येही तेच. संदेश तयार करायच्या जुन्या माइमटेक्स्ट वर्गात 'टू'ला दुसऱ्यांदा किंमत दिली की आधीची पुसली जात नाही, दुसरी ओळ वाढते. नव्या ईमेलमेसेजमध्ये (जॅंगोचा नव्हे, पायथॉनचा स्वतःचा) मात्र 'टू' एकाहून जास्त असू शकत नाही अशी चूक दाखवून तो थांबतो. म्हणून नवा वर्ग वापरा आणि प्रत्येक सभासदासाठी लूपच्या आत नवा संदेश तयार करा. जोडणी मात्र एकदाच उघडा, तीच शेवटपर्यंत वापरा.

---

अवांतर_आजी | बुधवार, सकाळी ७:४५

मला एक वेगळंच बोलायचं आहे. ऑफिसात एखाद्याशी मेलवर बोलताना साहेबांना गुपचूप बीसीसीत ठेवणं मला कधीच आवडलं नाही. ज्याला ऐकवायचं आहे त्याला उघड बसवावं.

---

सदाफुली | बुधवार, सकाळी ८:२०

आजी, +१. आणि ते गुपचूप राहतही नाही. आमच्याकडे बीसीसीतल्या साहेबांनी 'रिप्लाय ऑल' दाबलं आणि सगळ्या टीमला कळलं की साहेब ऐकत होते. रजेवर असताना आपोआप जाणारं उत्तरही तसंच फोडतं.

पण मेलची एक प्रत स्वतःच्या दप्तरी जावी म्हणून कोडमधून बीसीसी ठेवायला माझी हरकत नाही. पावती ग्राहकाला, प्रत लेखा विभागाला. तिथे एकच पत्ता असतो आणि तो आपलाच असतो.

---

अनुस्वार | बुधवार, सकाळी ९:४०

बखरकार, रविवारच्या आधी चाचणी नक्की घ्या. स्वतःच्या इनबॉक्समध्ये मेल बघून समाधान मानू नका, कारण आपला मेल बघायचा प्रोग्राम बीसीसी दाखवेलच असं नाही. मेलपिट नावाचा छोटा सर्व्हर तुमच्याच संगणकावर चालवा. तो मेल पकडून ठेवतो, बाहेर सोडत नाही, आणि कच्चा मजकूर दाखवतो. त्या मजकुरात दुसऱ्या कुठल्याही सभासदाचा पत्ता शोधून बघा. सापडता कामा नये.

जॅंगोवाल्यांसाठी: आउटबॉक्समधल्या संदेशाचा बीसीसी तपासून थांबू नका. त्यावर मेसेज() चालवून तयार होणारा मजकूर तपासा. जगाला तो दिसणार आहे.

---

बखरकार | गुरुवार, रात्री ११:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगतो.

बीसीसी पूर्ण काढलं. निवडुंग यांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक सभासदासाठी नवा ईमेलमेसेज, टूमध्ये फक्त त्यांचा पत्ता, जोडणी एकच, सेंड_मेसेज. दर ४० मेलनंतर थोडा विसावा, कारण आमच्या होस्टिंगला तेवढंच झेपतं. नाकारलेले पत्ते वेगळ्या फाइलमध्ये. पहिल्याच चाचणीत सात पत्ते चुकीचे निघाले, म्हणजे ते सात जण कित्येक महिने यादीविना होते.

मेलपिटमध्ये कच्चा मजकूर पाहिला. एकच पत्ता. दोनदा पाहिला.

एक प्रश्न उरतो. जे झालं ते सभासदांना कळवू का? समितीतल्या एकांचं म्हणणं, उगाच कशाला बभ्रा, बहुतेकांच्या लक्षातही आलेलं नाही.

---

टेम्सकाठ | शुक्रवार, पहाटे १:१०

कळवा. लक्षात आलं नाही हे न सांगण्याचं कारण होऊ शकत नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही डेटा फुटला तर संबंधित माणसाला कळवण्याची तरतूद आहे.

---

निवृत्त_टंकलेखक | शुक्रवार, सकाळी ६:३०

कळवा. पत्र छोटं ठेवा. काय झालं, कधी झालं, आता काय बदललं आणि आधीचा मेल खोडून टाकावा ही विनंती. सबबी देऊ नका.

---

बखरकार | शुक्रवार, रात्री ९:५०

पाठवलं, काकांनी सांगितलं तसंच, चार ओळींचं. नव्या स्क्रिप्टने गेलेला तो पहिला मेल. ज्यांनी फोन केला होता त्यांचं उत्तर सगळ्यात आधी आलं. मूळ संदेश पुन्हा उघडून पाहिला म्हणाले, आता फक्त त्यांचाच पत्ता आहे. आणि विचारलंय, रविवारच्या यादीत नवी प्रवासवर्णनं आहेत का.

---

निवडुंग | शुक्रवार, रात्री १०:०२

'रिप्लाय-टू'मध्ये वाचनालयाचा पत्ता टाकलात ना? नाहीतर रविवारी पुस्तकांच्या फर्माइशी होस्टिंगच्या कुठल्यातरी खात्यात पडतील.

---

बखरकार | शुक्रवार, रात्री १०:०६

नव्हता टाकला. आत्ता टाकतो.